चक एकाचा, लेथ दुसऱ्याचा: बॅकप्लेट स्वतः करताना

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं एक शॉप बंद झालं आणि तिथला साडेचार फुटी लेथ, म्हणजे धातूचा तुकडा (जॉब) फिरवून टूलनं कापणारं मशिन, माझ्याकडं आला. बटाल्याचा माल, जुना, पण बेड चांगला. सोबत फेसप्लेट (जॉब बांधायची खाचांची चकती), दोन डेड सेंटर (जॉबच्या टोकांत टेकायचे सुळके), एक कॅरिअर (जॉबला आवळून फिरवणारी पकड) आणि चेंज गिअरचा तेलकट डबा. चक, म्हणजे जॉब पकडणारा भाग, मात्र मालकानं आधीच विकून टाकला होता. पंधरा दिवसांनी भंगारात १६० मिमीचा तीन जॉचा (जबड्यांचा) चक मिळाला. तिन्ही जॉवर नंबर एकाच संचाचे, चावी फिरवली की अडखळत नाही, बॉडीला कुठं तडा नाही. घेऊन टाकला. बॅकप्लेट, म्हणजे चक लेथवर बसवायची मधली चकती, नव्हती त्याला, आणि असती तरी माझ्या नोजवर, म्हणजे लेथच्या फिरत्या दांड्याच्या (स्पिंडलच्या) पुढच्या टोकावर, बसली नसती.

नव्या लेथांना ठरलेल्या मापाचं नोज असतं, त्याची प्लेट दुकानात तयार मिळते. आट्याच्या जुन्या नोजचं तसं नाही. ज्याला जे सोयीचं वाटलं ते माप त्यानं ठेवलंय. त्यामुळं प्लेट आपली आपणच करायची.

हे काम मी दुसऱ्यांदा केलं. पहिल्यांदा, पाच-सहा वर्षांपूर्वी, एका छोट्या लेथसाठी सगळी प्लेट ओळखीच्या शॉपमध्ये मोठ्या मशिनवर फिनिश करून आणली. माप एकदम बरोबर, काम आरशासारखं. घरी बसवून डायल (सुईचं मापक) लावला तर प्लेटचा चेहरा, म्हणजे फेस, ०.३ मिमी डुलत होता. आमच्या गल्लीत एक जुने टर्नर आहेत, सगळे त्यांना आण्णा म्हणतात. त्यांना दाखवलं.

"फेस कुठं मारलास?"

"तिकडं, मोठ्या मशिनवर."

"मग तिकडंच बसीव की."

एवढं बोलून ते चहाला गेले. पण त्यात सगळं आलं. मागची बाजू, म्हणजे बोअर (मधलं भोक), आटे आणि खांदा (पायरी), तुम्ही कुठल्याही मशिनवर करा. पुढचा फेस आणि चकात बसणारा उंचवटा मात्र ज्या स्पिंडलवर चक बसणार, त्याच स्पिंडलवर, प्लेट तिच्या जागी आवळून मारायचा. मागं थोडी चूक राहिली असली तरी शेवटच्या कटात ती निघून जाते. खाली जे लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीसाठी.

आधी मोजमाप

नोज रॉकेल आणि तारेच्या ब्रशनं घासून काढा. आट्यांच्या तळाशी वर्षानुवर्षांचं तेल आणि बिडाची (ओतीव लोखंडाची) पूड दगडासारखी बसलेली असते. माझ्या नोजवर आट्यांचं बाहेरचं माप ५०.७ मिमी भरलं, म्हणजे झिजलेलं दोन इंची. पिच गेज लावलं तर ६ टीपीआय (इंचाला सहा आटे), ५५ अंशाचा व्हिटवर्थ आटा. ६० अंशाचं गेजही वरवर बसल्यासारखं वाटतं, म्हणून मागं बॅटरी धरून उजेड कुठून येतो ते बघा. आट्यांची लांबी ३२ मिमी. त्यामागं १२ मिमीचा गुळगुळीत भाग, त्याचं माप ५३.९८, आणि त्याच्यामागं खांदा.

हा गुळगुळीत भागच खरा महत्त्वाचा. प्लेट सेंटरला आणतो तो, सरळ धरतो खांदा. आटे फक्त ओढून धरायला. नवीन माणूस आटे गच्च बसवायच्या मागं लागतो आणि गुळगुळीत बोअर ढिला ठेवतो. नेमकं उलटं करायचं असतं.

चकाच्या मागची खाच १२५.०२ मिमी, खोली ५. बोल्टांची भोकं तीन, एम८. ती कुठल्या वर्तुळावर आहेत ते वर्नियरनं सरळ मोजता येत नाही. दोन भोकांत दोन बोल्ट पिळायचे आणि त्यांच्या बाहेरून बाहेरचं माप घ्यायचं. माझं १२९.२ आलं. एका बोल्टची जाडी ८ वजा केली, १२१.२ राहिले. त्याला ०.८६६ नं भागलं, १४० आले. हा आकडा फक्त खात्रीसाठी, भोकं पाडायची पद्धत वेगळी आहे. ती पुढं सांगतो.

बीडच का

गॅसनं कापलेली एमएसची (साध्या स्टीलची) जाड चकती स्वस्त मिळते आणि मोह होतो. पण स्टीलच्या नोजवर स्टीलचे आटे कधीकधी असे धरतात की प्लेट निघता निघत नाही. बिडात ग्रॅफाइट असतं, त्यामुळं ते नोजवर सुखानं फिरतं. शिवाय कोल्हापुरात राहून बिडासाठी अडायचं म्हणजे नदीकाठी राहून तहानेनं मरायचं. शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात फाउंड्रीच फाउंड्री आहेत. अडचण एवढीच, की एका नगासाठी कुणी साचा लावत नाही. मी सुताराकडून साधा लाकडी पॅटर्न करून घेतला: १६८ मिमीची ३० जाड चकती, तिच्या पाठीवर ८५ व्यासाचा ३८ उंच बॉस (गोल ठोकळा), मधून भोकासाठी ३५ चा कोअर. ओळखीच्या फाउंड्रीत त्यांच्या रोजच्या एफजी २६० या प्रतीच्या बिडाच्या हीटमध्ये शेवटी दोन ओतून घेतल्या. एक वापरायला, एक चुकायला. एकेक सहा किलोच्या आसपास भरली.

प्रत्येक बाजूला ३ ते ४ मिमी जास्त ठेवा. त्याचं कारण पुढं कळेलच.

डमी नोज

इथं बहुतेक जण अडकतात. प्लेटचे आटे पाडताना ती फेसप्लेटवर बांधलेली असते आणि फेसप्लेट नोजवर. मग आटे नोजवर बसतात का, हे बघायचं कशावर? नोज तर अडकलेलं. आणि एकदा प्लेट सोडली की परत त्याच जागी बांधून तोच आटा पकडणं म्हणजे दिवसभराची डोकेफोड.

म्हणून कास्टिंगला हात लावण्याआधी नोजची नक्कल करा. ७५ मिमीचा एमएस बार, १२० लांब, दोन्ही टोकांना सेंटर ड्रिल. दोन सेंटरांमध्ये धरला, फेसप्लेटच्या खाचेत कॅरिअर अडकवला आणि नोजसारखाच टर्न केला: आटे, गुळगुळीत भाग, खांदा. आटे आणि गुळगुळीत भागाच्या मध्ये टूल बाहेर यायला छोटी खाच.

नक्कल जुळली हे कसं समजणार? फेसप्लेट चढवण्याआधीच मी नोजच्या आट्यांत २.४ मिमीच्या तीन ड्रिलचे दांडे ठेवून, दोन एका बाजूला आणि एक समोर, ५०-७५च्या मायक्रोमीटरनं माप घेऊन खडूनं भिंतीवर लिहून ठेवलं होतं. दांडे ग्रीसनं चिकटवले की पडत नाहीत, नाहीतर तिसरा हात लागतो. डमीवर तोच आकडा येईपर्यंत कट घेतले. मोजायला डमी काढली तर परत ठेवताना कॅरिअर त्याच खाचेत जायला हवा, म्हणून त्या खाचेलाही खडूची खूण केली. शेवटी फेसप्लेट उतरवून डमी तिच्यात मागून फिरवून बघितली, सरळ आत गेली.

माझ्या लीडस्क्रूला (आटे पाडताना टूल सरकवणाऱ्या लांब स्क्रूला) ४ टीपीआय. ६ टीपीआय पाडायला ४ भागिले ६, म्हणजे स्पिंडलकडं ४० चा गिअर, स्क्रूकडं ६० चा आणि मध्ये कुठलाही आयडलर (नुसता जोडणारा गिअर). ४ आणि ६ चा मेळ दर अर्ध्या इंचाला बसतो. माझ्या थ्रेड डायलवर (टूल कधी जोडायचं ते दाखवणाऱ्या तबकडीवर) आठ रेषा आहेत आणि दोन रेषांत अर्धा इंच, त्यामुळं कुठल्याही रेषेवर हाफ नट (लीडस्क्रूला धरणारा नट) टाकला तरी टूल त्याच आट्यात येतं. थ्रेड डायल नसेल तर हाफ नट न सोडता मशिन उलटं फिरवून टूल मागं आणायची सवय लोकांना असते. आट्याच्या नोजवर हे जपून करा. झटक्यानं उलटं फिरवलं तर फेसप्लेट जॉबसकट सुटून बेडवर येते.

मागची बाजू

कास्टिंगची वाळू कानशीनं आणि ब्रशनं काढली. फेसप्लेटवर १० मिमीचे तीन पॅरलल (एकसारख्या जाडीच्या पट्ट्या) ठेवले, त्यांवर चकतीची पुढची बाजू टेकवली, बॉस आपल्याकडं. तीनच ठेवा. चार ठेवले तर ओबडधोबड कास्टिंग डुगडुगतं. क्लॅम्प बरोबर पॅरललच्या वरच आले पाहिजेत. मधल्या मोकळ्या जागेवर आवळला की चकती वाकते आणि सोडल्यावर परत सरळ होते, मग सगळा हिशेब गेला. पॅरललमुळं फेसप्लेट आणि जॉबमध्ये फट राहते, बोअरिंगचं टूल आरपार गेलं तरी फेसप्लेटला लागत नाही.

हातानं एक पूर्ण फेरा फिरवून क्लॅम्प कुठं सॅडलला (टूल धरणाऱ्या सरकत्या भागाला) आपटत नाहीत ना ते बघितल्याशिवाय बटण दाबू नका.

बिडाची वरची कातडी कडक असते, वाळूही रुतलेली असते. पहिला कट घाबरत घाबरत अर्ध्या मिमीचा घेतलात तर टूल कातडीवर घासून दोन मिनिटांत बोथट होईल. ब्रेझ केलेलं कार्बाइड टूल लावा आणि एकदम दोन मिमी खाली जा. १६८ व्यासाला कार्बाइडनं मी ११० आरपीएमच्या आसपास ठेवतो. एचएसएस (हायस्पीड स्टील) असेल तर बॅकगिअर (वेग कमी करणारे गिअर) टाकून ३५-४० वर या. कूलंट अजिबात नाही. बिडाची काळी पूड आणि तेल एकत्र आलं की बेड झिजवणारी लॅपिंग पेस्टच तयार होते. बेडवर मी जुनं वर्तमानपत्र अंथरतो आणि काम झालं की व्हॅक्यूम. तोंडाला मास्क लावा. संध्याकाळी रुमालात काय येतं ते बघून आमची मंडळी मला शिकवून गेली.

बॉसचा फेस, बॉसचा बाहेरचा व्यास, मग बोअर. कोअरचं भोक सेंटरला नसतंच, त्यामुळं सुरुवातीला टूल एकाच बाजूला लागतं आणि ठक ठक आवाज येतो, येऊ द्या. बोअर ४५.४ पर्यंत नेला. हिशेब असा: ६ टीपीआयचा पिच ४.२३ मिमी, व्हिटवर्थ आट्याची खोली पिचच्या ०.६४ पट, म्हणजे २.७१. ५०.८ मधून दोन्ही बाजूंची खोली वजा केली की ४५.३८. मग तोंडाशी गुळगुळीत भागासाठी ५४.०० चा बोअर, १३ खोल. नोजवर तो भाग १२ चा आहे. एक मिमी जास्त खोल घेतला की प्लेट खांद्यावरच टेकते, आत अडत नाही.

आता आतले आटे. २५ चा बोअरिंग बार, त्यात ५५ अंशाला घासलेलं ८ मिमीचं एचएसएस टूल, उंची बरोबर सेंटरला. पहिला कट नुसता ओरखडा, मशिन बंद, पट्टी लावून इंचात सहा मोजा. पाच-दहा मिनिटं जातील, पण चुकीचा गिअर लागला असेल तर कास्टिंग वाचेल. मग ०.२, ०.२, ०.१५, शेवटी ०.०५. शेवटचे दोन-तीन फेरे काहीही न वाढवता मारा, कारण बार वाकलेला असतो आणि त्या फेऱ्यांतही पूड पडत राहते.

दर वेळी ब्रशनं आटे साफ करून डमी लावून बघायची. आधी ती नुसती तोंडाशी टेकते. मग एक वेढा जाते. मग दोन वेढे जाऊन थांबते, आणि इथं हात शिवशिवतो, जोर लावावासा वाटतो. लावू नका. अजून ०.०५. माझी डमी शेवटी दोन बोटांनी फिरत आत गेली, किंचित हलत होती, आणि गुळगुळीत भाग बोअरमध्ये शिरला तसं हलणं थांबलं. खांदा फेसवर टेकला तेव्हा 'टक' असा बारीक आवाज आला.

बॉसचा फेस, ५४ चा बोअर आणि आटे ही तिन्ही कामं एकाच बांधणीत झाली पाहिजेत. मध्ये काही सोडायचं नाही, लाइट गेली तरी नाही. शेवटी बोअरच्या तोंडाला एक मिमीचा चॅम्फर (तिरकी कड) मारा, नाहीतर नोजच्या खांद्याजवळच्या गोलाईवर प्लेट अडते आणि टेकल्यासारखी वाटते.

स्वतःच्या नोजवर

फेसप्लेट उतरवली. ती गच्च बसली असेल तर बॅकगिअर अडकवून हिसका देऊ नका, गिअरचे दात जातात. दोन बोल्टांत लांब पहार अडकवून, स्पिंडल पट्ट्यापाशी धरून, हळू दाब द्या.

नोज पुसलं, काजळी तेलात कालवून खांद्यावर पातळ थर दिला आणि प्लेट हातानं आवळली. काढल्यावर बॉसच्या फेसवर काळं वर्तुळ पूर्ण उमटलं तर ठीक. माझ्या प्लेटवर एका जागी तुटलं होतं. बघतो तर खांद्यावर जुना खड्डा आणि त्याच्या काठाला उचललेली बर (धारदार कड). दगडानं ती उतरवली, वर्तुळ पूर्ण आलं.

मग बाहेरचा व्यास १६० आणि पुढचा फेस. उंचवटा साडेचार उंच ठेवायचा, कारण चकाची खाच पाच खोल आहे. चक प्लेटच्या फेसवर टेकला पाहिजे, उंचवट्याच्या डोक्यावर नाही.

इथं मी घाण केली. फेसिंगचे जड कट मारून लगेच उंचवट्याचं माप घेतलं, १२५.०१ आणलं आणि खूष होऊन चहाला गेलो. परत येऊन मोजलं तर १२४.९८. प्लेट हाताला चांगली कोमट लागत होती तेव्हा मी मोजलं होतं. सव्वाशे मिमी बीड वीस अंशांनी थंड झालं की पंचवीस-तीस मायक्रॉन आक्रसतं, हे मला ठाऊक होतं, आणि तरीही. चक चढवला तर जाणवेल इतका हलला.

काही लोक मुद्दाम असंच करतात, उंचवटा ढिला ठेवतात आणि डायल लावून हातोडीनं चक ठोकून सेंटरला आणतात. चालतं. पण जड कट लागला की तो सरकतो आणि आपल्याला कळतसुद्धा नाही. मी तो उंचवटा फेसिंग करून पूर्ण काढून टाकला, रात्रभर प्लेट तशीच ठेवली आणि सकाळी थंड बिडावर दुसरा काढला. म्हणून म्हटलं, मटेरिअल जास्त ठेवा. या वेळी शेवटचे कट ०.०२ चे घेतले आणि दर कटानंतर चकच लावून बघितला. १२५.०१ ला तो तोंडाशी अडला, लाकडी हातोडीच्या दोन टिचक्यांत आत बसला. चकती १८ मिमी जाड उरली, तेवढी पुरते.

भोकं

आखणी करून पाडलेली तीन भोकं चकाच्या भोकांशी जुळली असं माझ्या हातून अजून घडलेलं नाही. त्यापेक्षा चकालाच खुणा करू द्या. एम८च्या बोल्टांची डोकी कापून तीन तुकडे केले, ड्रिल मशिनमध्ये धरून फिरवत कानशीनं टोकदार केले. टोकाखाली दोन बाजूंनी चपटं घासलं, म्हणजे पकडीनं पिळता येतात. ग्रब स्क्रूला (बिनडोक्याच्या स्क्रूला) टोक काढून उपयोग नाही, एलनची खाच आत जाते आणि तो फिरवायचा कसा हा प्रश्न राहतो. तिन्ही तुकडे चकात पिळून टोकं एक मिमी वर ठेवली, चक उंचवट्यावर बसवला आणि लाकडाचा ठोकळा ठेवून तीन ठोके. प्लेटवर तीन ठिपके उमटले. ते सेंटर पंचनं खोल केले, आधी ५ चं ड्रिल, मग ९ चं. मागच्या बाजूनं बोल्टच्या डोक्यापुरती जागा सपाट केली, कारण क्लॅम्पखालचा तो भाग अजून कच्चा कास्टिंगच होता.

चकातले आटे १६ खोल निघाले, म्हणून ३० लांबीचे एलन बोल्ट, खाली वायसर. तिन्ही आळीपाळीनं थोडे थोडे आवळले.

डायल लावला. प्लेटच्या फेसवर सुई हलली न हलली, दहा मायक्रॉनच्या आत. चकात २५ चा ग्राउंड बार धरला तर जॉच्या जवळ ०.०६. आण्णांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, बार काढून १२० अंश फिरवून परत धरला आणि सुई बघितली. आकडा तेवढाच, आणि वर येणारी बाजूही चकाच्या त्याच जॉसमोर.

"प्लेट बरोबर हाय. चकाचं म्हातारपण हाय हे."

जुन्या तीन जॉच्या चकाला ०.०६ मला चालतं; त्याहून बारीक काम असेल तर चार जॉचा चक लावतो. प्लेट आणि चकावर समोरासमोर एकेक पंचाची खूण केली आहे, म्हणजे उघडला तरी परत त्याच जागी बसेल. डमी नोज तेल लावून खिळ्याला टांगलीय. दुसरं कास्टिंग शिल्लक आहेच, आणि भंगारवाल्याचा कालच फोन आला, २०० चा चार जॉचा चक आलाय म्हणून.